शाडू, गेरू आणि मलंगगड : मोठ्या कलावंतांच्या सोबतीने मुलांचे सहा उपक्रम

पहिली ते पाचवीच्या कुठल्याही वर्गात ‘निसर्गचित्र काढा’ म्हणून सांगून पाहा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खाचेतून उगवणारा अर्धा सूर्य, खाली वाहत आलेली नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्याचे पक्षी. डोंबिवलीत सातव्या मजल्यावर राहणारं मूल हेच काढतं, ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं मूलही हेच काढतं. असं दृश्य त्यांनी खिडकीतून पाहिलेलं नसतं. मोठ्या भावंडांच्या वहीतून, शिकवणीतून, फळ्यावरून हे चित्र त्यांच्या हातात आयतं आलेलं असतं.

मग शाळेला किंवा पालकांना वाटतं, मुलांना मोठ्या चित्रकारांची ओळख करून द्यावी. विचार उत्तमच आहे. पण पुष्कळदा व्हॅन गॉगच्या ‘स्टारी नाइट’ची झेरॉक्स वाटली जाते, पन्नास मुलं ती निळ्या-पिवळ्या खडूंनी भरतात आणि पन्नास सारखे कागद भिंतीवर लागतात. एका आयत्या चित्राच्या जागी दुसरं आयतं चित्र आलं, एवढंच झालं. मुलाच्या डोळ्यांना काही कामच मिळालं नाही.

या लेखातल्या सहाही उपक्रमांमागे एकच धरून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. कलावंताचं चित्र उचलू नका, त्याची काम करण्याची रीत उचला आणि ती मुलाच्या रोजच्या परिसरावर वापरू द्या. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या शिक्षक-पालकांना हे सोपं आहे, कारण वारली चित्रकला जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच, शिल्पकार भाऊ साठे यांचं शिल्पालय डोंबिवलीत आणि डोंगर तर आपल्या गच्चीवरून दिसतात.

सुरुवातीची तयारी

प्रत्येक उपक्रमात कलावंताची ओळख पाच मिनिटांत उरका. एक चित्र, एक गोष्ट आणि थोडे प्रश्न पुरेत. जन्मसाल, पुरस्कार, शैलीचं नाव हे सगळं पहिलीतल्या मुलाला जड होतं. त्याऐवजी चित्र समोर धरून तीन प्रश्न विचारा : तुला काय दिसतंय? कशावरून असं वाटतं? आणखी काय दिसतंय? तिसरा प्रश्न दोन-तीनदा विचारा. पहिल्या उत्तरात मुलं ‘घोडा’ म्हणतात, चौथ्या उत्तरात ‘घोड्याचे कान मागे आहेत’ म्हणतात.

बोलून झालं की चित्र झाकून ठेवा. समोर राहिलं तर मुलं त्याच्याकडे बघूनच काढतात. काम संपल्यावर ते पुन्हा दाखवा. आता त्यांनी स्वतः तेच करून पाहिलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा त्यांना बरंच जास्त दिसतं.

प्रत्येक वेळी एकच बंधन घाला : फक्त एक रंग, फक्त कात्री, फक्त तीन आकार. ‘मनाला येईल ते काढा’ म्हटलं की लहान मूल गोंधळतं आणि पाठ असलेल्या चित्राकडे वळतं. नेमकं बंधन असलं की डोकं चालतं.

साहित्य साधंच लागतं. पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास रंगपेट्या बाकांवर उघडल्या तर निम्मी तासिका आवराआवरीत जाते. सहा-सहा मुलांचे गट करा, प्रत्येक गटाला रद्दीचे कागद अंथरून द्या आणि रंग जुन्या झाकणांत थोडे थोडे ओता. पाण्याची बादली दाराजवळ एकच ठेवा आणि पाणी बदलण्याचं काम गटातल्या एकाकडे सोपवा. घरी करणार असाल तर हॉलमध्ये जुनी चादर अंथरा. फरशीवर डाग पडेल म्हणून मोठी माणसं सतत ओरडत राहिली तर मुलाचं लक्ष चित्रात राहत नाही.

१. जिव्या सोमा म्हसे : तीन आकारांत आपलं गाव (दुसरी ते पाचवी)

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. त्याआधी डहाणू, तलासरी, जव्हार हे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) लहान असताना त्यांची आई वारली. त्यानंतर त्यांचं बोलणं थांबलं आणि ते मातीत रेघा ओढून मनातलं सांगत, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. मुलांना ही गोष्ट लगेच भिडते.

वारली समाजात लग्नाच्या वेळी सवाशिणी घराच्या भिंतीवर चौक काढतात आणि चौकात पालघट देवी असते. हे काम बायकांचं होतं आणि विधीपुरतं होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांवर गेले, त्यांनी कागद आणि रंग दिले. म्हसे यांनी विधीबाहेरचं जगणं काढायला घेतलं : शेती, मासेमारी, नाच, मुंग्या, झाडं. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली.

त्यांची रीत अशी : गोल, त्रिकोण आणि चौकोन हे तीनच आकार, गेरूच्या पार्श्वभूमीवर एकच पांढरा रंग. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. वरचा त्रिकोण पुढे झुकला की माणूस धावतो, मागे कलला की दोर ओढतो, खाली वाकला की भात लावतो. चेहरा नसतानाही माणूस काय करतोय ते कळतं.

साहित्य : वह्यांना घालायचा खाकी कागद, गेरू, तांदळाचं पीठ, डिंक, बांबूच्या बारीक काड्या. गेरू पाण्यात कालवून कागदावर पातळ फासा आणि आदल्या दिवशीच वाळवून ठेवा. दोन चमचे पीठ, थोडा डिंक आणि दुधाच्या सायीइतकं दाट होईल एवढं पाणी एकत्र घोटा. काडीचं टोक ठेचून तिचा कुंचला करा. पीठ तळाशी बसतं, म्हणून मधून मधून ढवळायला सांगा.

काढण्याआधी मुलांना उभं करा. एकाने ओझं उचलल्याचा, दुसऱ्याने दोरी ओढल्याचा अभिनय करावा. बाकीच्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंतचा त्रिकोण कुठे झुकतोय ते हाताने हवेत दाखवावं. मगच कागद घ्या.

विषय म्हणून तारपा नाच देऊ नका, तो वारली पाड्यांवरचा आहे. मुलांनी आपलं पाहिलेलं काढावं : ठाण्याची दहीहंडी, डोंबिवली स्टेशनचा सकाळचा फलाट, सोसायटीत आलेला पाण्याचा टँकर, लेझीम, भाजीबाजार. दहीहंडी तर या रीतीला फारच साजते. त्रिकोणांवर त्रिकोण चढत जातात आणि खालच्या थरातली माणसं भाराने वाकलेली दाखवायची की ताठ, हे मुलाला स्वतः ठरवावं लागतं. म्हसे यांच्या एका चित्रात मासे धरायचं जाळं जवळजवळ सगळा कागद व्यापतं. तसं एखादी गोष्ट कागदभर मोठी काढून पाहा, असंही सुचवा.

एक काळजी घ्या. वारली हे माणसांचं नाव आहे, नक्षीचं नाही, हे मुलांना स्पष्ट सांगा. पालघट देवीचा चौक हा त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. तो दाखवा, समजावून सांगा, पण मुलांना सजावट म्हणून काढायला देऊ नका.

२. सदाशिव साठे : चारही बाजूंनी बघायचं मातकाम (पहिली ते पाचवी)

मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. तो सदाशिव ऊर्फ भाऊ साठे (१९२६–२०२१) यांनी घडवला आणि १९६१ साली तिथे उभा राहिला. दिल्लीत चांदणी चौकातल्या टाऊन हॉलसमोरचा गांधीजींचा पुतळाही त्यांचाच. त्यांची शिल्पं एकत्र पाहायला मिळतात ती डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसी भागातल्या शिल्पालयात. मुलांना घेऊन जायचं असेल तर भेटीची वेळ आधी विचारून घ्या आणि वही-पेन्सिल बरोबर न्या.

शिल्पकाराची रीत चित्रकारापेक्षा वेगळी. त्याच्या कामाला पुढची बाजू एकच नसते. एवढा मोठा ब्राँझचा पुतळा आधी मातीत घडतो, मग त्याचा साचा निघतो आणि साच्यातून धातूत ओतकाम होतं. मातीत घडवताना शिल्पकार सतत फिरत राहतो, कधी पुतळ्याभोवती स्वतः, कधी पुतळाच फिरवून.

साहित्य : दर मुलामागे अर्धा किलो भिजवलेली शाडू, एक लहान पाट किंवा पुठ्ठा, वाटीभर पाणी, ओलं फडकं, आइस्क्रीमची काडी. श्रावणात गणपतीच्या कारखान्यांतून शाडू सहज मिळते.

पहिली-दुसरीच्या मुलांना बसलेला प्राणी करू द्या : पाय पोटाशी घेऊन झोपलेलं कुत्रं, रवंथ करणारी म्हैस. एका गोळ्यातूनच डोकं, पाय, शेपूट ओढून काढायला सांगा, वेगळे तुकडे चिकटवू नका. चिकटवलेले तुकडे वाळल्यावर गळून पडतात आणि मूल हिरमुसतं. मोठ्या मुलांना तुकडा जोडायचाच असेल तर दोन्ही बाजूंना काडीने रेघोट्या मारायच्या, पातळ केलेली शाडू लावायची आणि दाबून सांधा बोटाने पुसायचा.

तिसरी ते पाचवीच्या मुलांना चार पायांवर उभा राहणारा प्राणी द्या. इथे खरा धडा येतो. पाय बारीक केले की घोडा बसतो. जाड केले की घोडा राहत नाही, हत्ती होतो. मग कुणी पोटाखाली झुडूप करून आधार देतं, कुणी शेपूट जमिनीला टेकवतं, कुणी प्राण्याला भिंतीला टेकवून उभं करतं. हे मार्ग मुलांनाच शोधू द्या. नंतर मोठ्या पुतळ्यांचे फोटो दाखवा आणि विचारा, ‘यांनी वजन कुठे पेललंय? किती पाय जमिनीवर आहेत?’ आता हा प्रश्न त्यांचा स्वतःचा झालेला असतो.

दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजवा. शिट्टी वाजली की प्रत्येकाने पाट पाव वळसा फिरवायचा आणि समोर आलेल्या बाजूवर काम करायचं. मागची बाजू सपाट सोडून देण्याची सवय याने मोडते.

शाडू सावलीत वाळवा, उन्हात तिला भेगा जातात. जाडी मोठ्या माणसाच्या अंगठ्याहून जास्त नको. फोटो काढून झाले आणि मुलांनी हौसेने घरी दाखवलं की काही मूर्ती पुन्हा बादलीत भिजवा. तीच माती पुढच्या वर्गाला चालते आणि माती परत माती होते, हेही मुलांनी पाहावं.

३. होकुसाई : एकच डोंगर, वर्गभर चित्रं (तिसरी ते पाचवी)

जपानचे कात्सुशिका होकुसाई यांनी सत्तरीच्या आसपास असताना फूजी पर्वतावर ठशांची एक मालिका केली. नाव ‘फूजीची छत्तीस दृश्यं’ असलं तरी पुढे ठशांची संख्या ४६ झाली. त्यातली मोठ्या लाटेची प्रतिमा सगळ्या जगाला माहीत आहे. मुलांना ती दाखवा आणि विचारा, ‘यात डोंगर कुठे आहे?’ शोधायला वेळ लागतो, कारण फूजी लाटेच्या पोकळीत इवलासा दिसतो. दुसऱ्या एका ठशात एक कारागीर भलंमोठं लाकडी पिंप तासतोय आणि पिंपाच्या गोलातून लांबवर फूजी दिसतोय. कधी शेत, कधी पूल, कधी वादळ. डोंगर तोच, बघण्याची जागा आणि समोरची माणसं वेगळी. हीच त्यांची रीत.

आपल्याकडे त्यासाठी मलंगगड आहे. त्याचे सुळके इतके ओळखीचे आहेत की कल्याण-डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूरकडच्या मुलांना ती आकृती डोळे मिटून आठवते. ठाण्याच्या मुलांनी येऊरचा डोंगर घ्यावा, मुंब्रा-कळव्याच्या मुलांनी पारसिकचा.

पहिली पायरी घरी. प्रत्येक मुलाने आपल्या गच्चीवरून, जिन्याच्या खिडकीतून, शाळेच्या वाटेवरून डोंगर कुठून दिसतो ते शोधायचं आणि चिठ्ठीवर फक्त त्याची वरची रेघ उतरवायची. पाऊस पडून गेल्यावर हवा स्वच्छ असते, तेव्हा डोंगर नीट दिसतो. एकट्याने गच्चीवर जायचं नाही, मोठ्यांना बरोबर घ्यायचं, हे सांगायला विसरू नका. ज्याच्या घरून डोंगर दिसत नाही त्याने कशामुळे दिसत नाही ते काढावं. समोरची इमारत, मोबाइलचा टॉवर, बांधकामाची क्रेन. असं चित्र या मालिकेत हवंच.

दुसरी पायरी वर्गात. नियम दोन : डोंगर कागदावर कुठेतरी दिसलाच पाहिजे, आणि त्याच्यापुढे त्याच्याहून मोठी दिसणारी एखादी गोष्ट हवी. दोरीवरचे कपडे, लोकलच्या खिडकीचे गज, कुंडीतली तुळस, वडापावच्या गाडीवरची छत्री, क्रिकेटचा स्टंप. जवळची वस्तू मोठी आणि लांबचा डोंगर लहान हे मुलांना असं आपोआप समजतं. दूरत्वाचे नियम फळ्यावर शिकवण्याची या वयात गरज पडत नाही.

रंगासाठी एकच निळा वापरा. युरोपातून आलेला प्रशियन निळा रंग होकुसाई यांनी या ठशांत मनापासून वापरला. पोस्टर कलरची निळी बाटली घ्या आणि पाणी वाढवत एकाच रंगाच्या चार छटा करायला लावा. जवळच्या वस्तूला दाट, डोंगराला फिका.

सगळी चित्रं झाली की व्हरांड्यात एका ओळीत लावा, डोंगराची उंची साधारण एका रेषेत येईल अशी. खाली प्रत्येकाने जागा लिहावी : ‘आमच्या जिन्यातून’, ‘रिक्षा स्टँडवरून’, ‘आजीच्या खिडकीतून’. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चाळीस ठिकाणांहून दिसलेला मलंगगड तयार होतो. आपल्या परिसराची अशी नोंद कुठल्याही पुस्तकात मिळायची नाही.

४. सैयद हैदर रझा : एका बिंदूपासून (पहिली ते चौथी)

रझा (१९२२–२०१६) मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात जन्मले, नागपूरला आणि मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९५० साली फ्रान्सला गेले. लहानपणी त्यांचं लक्ष शाळेत ठरत नसे. मास्तरांनी भिंतीवर एक बिंदू काढला आणि त्याच्याकडे पाहत राहायला सांगितलं. त्या बिंदूची आठवण रझा आयुष्यभर सांगत राहिले आणि पुढे तोच त्यांच्या चित्रांचा गाभा झाला.

तासाच्या सुरुवातीला फळ्यावर मोठा काळा बिंदू लावा आणि वर्गाला एक मिनिट शांतपणे पाहू द्या. मग विचारा, या बिंदूतून काय निघेल? बी, बुबुळ, सूर्य, विहीर, पोटातलं बाळ, अशी उत्तरं येतात. आता वाटी, बांगडी, डब्याचं झाकण घेऊन मुलांनी बिंदूभोवती गोल काढायचे आणि ते तैलखडूंनी भरायचे. बंधन रंगांचं : फक्त पाच रंग, आणि ते एका ऋतूचे. श्रावणातले पाच रंग कोणते? मेमधल्या दुपारचे कोणते? श्रावण म्हणजे फक्त हिरवा नाही. ओला तांबडा, ढगाचा राखाडी, रेनकोटचा पिवळाही असतो, हे मुलं आपसांत वाद घालून ठरवतात.

दिवाळीच्या आधी हा उपक्रम घेतला तर ठिपक्यांच्या रांगोळीशी जोडता येतो. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते आणि रस्त्यावर मोठ्या रांगोळ्या काढल्या जातात. त्यामुळे पाडव्याच्या आधीही हा उपक्रम शोभतो. आजीला वर्गात बोलावून तिच्याकडून चार ठिपक्यांची रांगोळी शिकून घ्या.

५. आन्री मातीस : कात्रीने काढलेलं चित्र (पहिली ते तिसरी)

फ्रान्सचे मातीस १९४१ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ अंथरुणात आणि चाकाच्या खुर्चीत होते. उभं राहून रंगवणं अवघड झालं, तेव्हा त्यांनी रंगवलेले कागद कात्रीने कापायला घेतले. १९५३ मधलं त्यांचं ‘गोगलगाय’ हे चित्र नऊ फुटांहून मोठं आहे आणि त्यात रंगीत तुकडे गोल फिरत जातात, बाकी काहीच नाही. मुलांना नाव न सांगता दाखवा आणि गोगलगाय सापडते का बघा.

इथे कागद आधी मुलांनीच रंगवायचे. रद्दीचं वर्तमानपत्र घेऊन एका कागदाला एकच रंग, जाड हाताने, ब्रशचे फटकारे दिसतील असा. वाळल्यावर कातरकाम. बंधन एकच : पेन्सिलने आधी काढायचं नाही. कात्री स्थिर धरायची आणि कागद फिरवायचा, म्हणजे वळण सुरेख येतं. टोक गोल असलेली कात्रीच द्या.

विषय पावसाळ्यातला घ्या. सोसायटीच्या भिंतीवर खरी गोगलगाय येते, आवारात आळू, जास्वंद, केळ, मनी प्लांट असतात. पानं गोळा करा, त्यांच्या कडा बोटाने चाचपा आणि मग कापा. आकार कापून झाल्यावर उरलेला भोकाचा कागद टाकू देऊ नका. पानाचा आकार आणि पानाच्या आकाराचं भोक शेजारी शेजारी चिकटवले की मुलांना रिकाम्या जागेलाही आकार असतो हे दिसतं. चिकटवण्याआधी तुकडे कागदावर सरकवून पाहायला पाच मिनिटं द्या. मातीस आपले तुकडे भिंतीवर टाचण्यांनी लावून पुन्हा पुन्हा हलवत असत.

६. शि. द. फडणीस : एक शब्दही न लिहिता (तिसरी ते पाचवी)

बेळगाव जिल्ह्यातल्या भोजला १९२५ साली जन्मलेले फडणीस यांची हास्यचित्रं बहुतेक वेळा ओळींशिवायच बोलतात. त्यांच्या गाजलेल्या एका मुखपृष्ठावर एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आहे, शेजारी दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची, आणि पुढचं सगळं बघणाऱ्याच्या मनात घडतं. गणिताच्या पाठ्यपुस्तकांतल्या त्यांच्या चित्रांनी कितीतरी मुलांची गणिताची भीती कमी केली.

त्यांची रीत म्हणजे ‘असं झालं तर?’ हा प्रश्न. कपड्यावरची नक्षी जिवंत झाली तर? मुलांकडून असे प्रश्न गोळा करा आणि फळ्यावर लिहा. लोकलला पंख फुटले तर? छत्री उलटी धरून पाणी साठवलं तर? तलावपाळीच्या बदकांनी बोटीचं तिकीट काढलं तर? प्रत्येकाने एक प्रश्न निवडून चित्र काढायचं. बंधन : एकही शब्द लिहायचा नाही. पूर्ण झालं की चित्र शेजारच्याला द्यायचं. त्याला सांगावं न लागता समजलं तर जमलं. नाही समजलं तर काय वाढवावं, काय पुसावं, हे दोघांनी मिळून ठरवायचं. पांढरा कागद, काळं पेन आणि एखादा रंग एवढ्यावर भागतं. ज्यांचं रेखाटन कच्चं आहे अशी मुलं यात फार पुढे जातात, कारण इथे कल्पनेला किंमत आहे.

वर्षाची आखणी

जून-जुलैत पानं भरपूर असतात, तेव्हा मातीस. श्रावणात दहीहंडीच्या आसपास वारली रीत आणि गणपतीच्या आधी शाडू. पाऊस संपताना, हवा धुतलेली असते तेव्हा मलंगगड. दिवाळीच्या तोंडावर बिंदू. फडणीसांची रीत वार्षिक परीक्षेनंतरच्या मोकळ्या दिवसांसाठी ठेवा. सहलीला मुंबई निवडणार असाल तर एकाच दिवशी गेटवेसमोरचा पुतळा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी होतात, सगळी एकमेकांच्या चालण्याच्या अंतरावर आहेत. मात्र एका दालनात तीनच कलाकृती दाखवा आणि प्रत्येकीपुढे दहा मिनिटं जमिनीवर बसू द्या. सगळं दाखवायच्या नादात मुलांना काहीच दिसत नाही.

चित्र बघताना मोठ्यांनी काय बोलावं

‘छान’ हा शब्द शक्यतो टाळा. मुलाने जे केलंय ते नाव घेऊन सांगा : ‘तू डोंगर कपड्यांच्या मागे लपवलास’, ‘या माणसाचा त्रिकोण वाकलाय, ओझं जड वाटतंय’. मग विचारा, ‘हे इथे का ठेवलंस?’ आपण नीट पाहतोय हे मुलाला कळलं की पुढच्या वेळी ते अधिक नीट पाहतं.

मुलाच्या चित्रावर आपली रेघ ओढू नका, शिक्षकांनीही नाही आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पालकांनीही नाही. मुलाला अडलं तर दुसऱ्या कागदावर करून दाखवा आणि तो कागद बाजूला ठेवा. या वयात क्रमांक काढू नका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा पुढे आहेतच, तिथे मापं, छायाभेद, रंगसंगती सगळं तपासलं जातं. आता सगळ्यांची चित्रं लावा, चित्राखाली मुलाचं नाव, तारीख आणि त्याच्याच शब्दांतली एक ओळ लिहा. लिहिता येत नसेल तर ते सांगेल तशी तुम्ही लिहा.

प्रत्येक मुलासाठी एक पुठ्ठ्याची फाइल ठेवा आणि वर्षभराचं काम तिच्यात घाला, बिघडलेलं सुद्धा. मार्चमध्ये सगळं जमिनीवर क्रमाने मांडा आणि मुलालाच विचारा, यातलं कोणतं पुन्हा करावंसं वाटतं आणि या वेळी काय वेगळं करशील. सहाही उपक्रम एका वर्षात झालेच पाहिजेत असं नाही. दोनच करा, पण ते घाई न करता करा आणि मुलांना आवडलेला एक पुढच्या वर्षी पुन्हा करा. दुसऱ्यांदा मलंगगड काढणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी न दिसलेलं काहीतरी दिसेल, आणि ते तुम्हाला दाखवायला ते स्वतः बोलावेल.